टायग्याची खाज

आमचा टायग्या 2016 चा. म्हणजे मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं आणि सगळ्या देशानं टीव्हीवर आमच्या घागरी बघितल्या, त्या उन्हाळ्यात अण्णांनी हे पिल्लू घरी आणलं. माणसाला आंघोळीला पाणी नाही आणि हे कुत्रं घेऊन आले, म्हणून आई अण्णांशी किती दिवस बोललीच नव्हती. देणारा म्हणला होता, कारवानी आहे, जानवळचा, ससा धरतो. आता चाकूर तालुक्यातलं जानवळ ह्या कारवानी शिकारी कुत्र्यांसाठी खरंच प्रसिद्ध आहे, पण आमच्या टायग्यात जानवळ फक्त पायांत उतरलंय, बाकीची सगळी आमची गल्ली. ससा सोडा, मांजर आडवं आलं की हाच रस्ता बदलतो.

तर एवढ्या वर्षांत ह्याला साधी सर्दी नाही. आणि ऐन म्हातारपणी, दिवाळीचा फराळ संपत आला आणि ह्याची खाज सुरू झाली. साधीसुधी नाही, रात्री दोनला मागचा पाय लोखंडी कपाटावर आपटायचा धाड धाड धाड, वरचे भाडेकरू दार कोण वाजवायलंय म्हणून खाली यायचे. कानाच्या कडा, कोपरं, पोटाखालचं सगळं लाल, केस गेलेले, कातडी जाड झालेली. खायचं सोडून खाजवायला उठायचा आणि खाजवायचं सोडून खायला.

"वय झालंय त्याचं," असं गल्लीनं एकमतानं सांगितलं. ह्याचा राग टायग्याला नाही, अण्णांना आला. कारण अण्णांचा गुडघा दुखला, ऐकू कमी आलं, चष्मा सापडला नाही, कशालाही त्यांना हेच उत्तर मिळतं. "वय झालं म्हणून कातडी लाल होत असती का रे? मग मी कामून लाल नाही?" असं त्यांनी शेजारच्या काकांना विचारलं, काका गप.

मग उपाय सुरू झाले. गॅरेजवाले मामा म्हणले, काळं ऑइल चोपडा, गाडीचं जळकं, फुकट देतो. एका काकूंनी गंधक आणि खोबरेल तेल सांगितलं. दूधवाला म्हशीच्या गोचिडाचं औषध बाटलीत घेऊन आला, प्रेमानं. मेडिकलवाल्यानं माणसाच्या गजकर्णाची ट्यूब दिली, तिनं चार दिवस आराम पडला आणि मग खाज दुप्पट होऊन परत आली. आई म्हणली कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळ घाला, तेही केलं, त्यात टायग्याचं नुकसान काही झालं नाही, फक्त घरभर पाला झाला आणि टायग्या दोन दिवस पलंगाखालून बाहेर येईना.

शेवटी जनावराच्या दवाखान्यात गेलो. पुढं दोन शेळ्या, एक कालवड, आणि एक बाई कोंबडी पिशवीत घेऊन. टायग्या, ज्यानं म्हणे ससे धरायचे होते, कोंबडीला भिऊन अण्णांच्या धोतरामागं. डॉक्टर तरुण होते, परभणीच्या कॉलेजात शिकलेले. त्यांनी काही न बोलता टायग्याच्या कानाची कड दोन बोटांत धरून चोळली आणि काय सांगू, ह्याचा मागचा पाय सायकल मारल्यासारखा आपोआप चालू झाला! कान सोडला की पाय बंद. अण्णा तर खूशच झाले, "परत करा की एकदा," म्हणले. आता घरी कुणी पाहुणा आला की चहाच्या आधी अण्णा हा प्रयोग करून दाखवतात.

डॉक्टर म्हणले ही लूत दिसायलीय. डोळ्याला न दिसणारा किडा कातडीत बोगदे करून अंडी घालतो. मग ब्लेडनं कातडी खरवडून, तेलाचा थेंब टाकून काचेवर घेतली आणि मायक्रोस्कोपखाली बघितलं. काहीच सापडलं नाही. आमचे चेहरे पडले, तर ते म्हणले हा किडा बऱ्याचदा सापडतच नाही, तरी उपचार करायचा, बरं वाटलं की समजायचं तोच होता. अण्णा माझ्या कानात म्हणले, "पोलिसांचंबी असंच असतंय."

पण म्हातारं कुत्रं पहिल्यांदाच खाजवायला लागलं तर बाकीचंही बघावं लागतं म्हणून त्यांनी रक्त घेतलं, थायरॉईडसाठी. आणि विचारलं, पाणी जास्त पितो का, लघवी जास्त करतो का, पोट सुटलंय का. आई लगेच म्हणली, "साहेब, लातुरात कोण जास्त पाणी पितंय?"

काळ्या ऑइलचं नाव काढल्यावर मात्र ते चिडले. कुत्रं अंग चाटतं, ते सगळं पोटात जातं, लिव्हर-किडनी दोन्ही खराब. गोचिडाचं औषध तर म्हशीलासुद्धा पातळ करून मारायचं असतं. आणि ट्यूबमध्ये स्टेरॉईड होतं, त्यानं खाज दबते, किडा मजेत राहतो.

मग विचारलं, हा इतर कुत्र्यांत जातो का? अण्णा त्याला रोज संध्याकाळी गंजगोलाईच्या बाजाराकडं फिरवतात. गोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात आणि प्रत्येक रस्त्यावर कुत्र्यांची वेगळी पार्टी, आमचा टायग्या सगळ्या पार्ट्यांत. लूत तिथूनच आणली असणार.

"घरात आणखी कुणाला खाज आहे का?" कुणी काही बोलेना. आई नुसती अण्णांकडं बघत राहिली. अण्णांनी बाह्या खाली ओढल्या. दोन्ही हातांवर बारीक लाल पुरळ, कधीपासून कुणास ठाऊक, कारण दुपारी टायग्याला मांडीवर घेऊन झोपणारे हेच. डॉक्टर म्हणले घाबरू नका, कुत्र्याचा किडा माणसाच्या अंगावर वाढत नाही, कुत्रं बरं झालं की बहुतेक आपोआप जातं, नाही गेलं तर स्किनच्या डॉक्टरला दाखवा.

वजन करून एक चघळायची गोळी दिली, तिची किंमत ऐकून अण्णांनी खिशातल्या बीपीच्या गोळ्या काढून बघितल्या. अंथरूण, वाकळा, सगळं गरम पाण्यात. आणि इन्फेक्शनसाठी औषधी शांपू, तो लावून 10 मिनिटं तसाच ठेवायचा, मग धुवायचा. लिहिणाऱ्यानं ओलं कुत्रं कधी 10 मिनिटं धरलंय का हे मला विचारायचं होतं. आम्ही बोअरच्या पाण्यावर करायचो, मी पुढून, बायको मागून, पोरगा मोबाईलवर टायमर लावून, आणि दर वेळी नऊ मिनिटांच्या आसपास हा अंग झटकायचा, की तोच शांपू आम्हा तिघांच्या अंगावर. आमची कातडी तेव्हापासून फार छान आहे.

पहिल्या गोळीनंतर काही दिवस खाज वाढल्यासारखीच वाटली, मामा रोज डबा घेऊन दारात, ऑइल आणू का म्हणून. मग हळूहळू पाय कपाटावर आपटायचा बंद झाला, कोपरावर बारीक केस दिसायला लागले. थायरॉईडचा रिपोर्ट नॉर्मल आला.

अण्णांचं पुरळही गेलं, स्किनच्या डॉक्टरकडं न जाता. झालं, तेव्हापासून त्यांचा माणसांच्या डॉक्टरवरचा विश्वासच उडाला. काल गुडघा धरून बसले होते, म्हणलं हाडाच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेऊ का?

"नको. तिथं कॉम्प्युटरकडं बघून औषध लिहितेत. परवा टायग्याला दाखवायचंय ना, मीबी येतो. तो डॉक्टर हात लावून बघतो."

"अण्णा, ते जनावराचे डॉक्टर हेत."

"मग काय झालं? कालवडीचा गुडघा बघत नाही का तो?"