सामायिक कॅश पक्षपात करत नाही, या दाव्याचा प्रतिवाद

नाशिकमधील अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत संगणक सांभाळणारी मंडळी यांच्यात सध्या एक संदेश फिरत आहे. त्याचे म्हणणे असे: प्रोसेसरमधील सामायिक कॅश (वारंवार लागणारी माहिती जवळ ठेवणारी, अनेक कोरनी मिळून वापरायची छोटी वेगवान मेमरी) कोणत्याही थ्रेडला, म्हणजे प्रोग्रामच्या स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामाच्या धाग्याला, ओळखत नाही, म्हणून ती पक्षपात करूच शकत नाही, टास्क मॅनेजरमध्ये दोन थ्रेड चालवणारे दोन्ही कोर (प्रोसेसरमधील स्वतंत्र गणनाकेंद्रे) 100 टक्के दिसत असतील तर दोघांना सारखेच मिळत आहे, शंकाच असेल तर कॅशचे समान भाग करावेत, पण ते सॉफ्टवेअरच्या हाती नसते.

कॅश थ्रेडला ओळखत नाही, हे खरे आहे आणि अडचण नेमकी तीच आहे. जिचा वापर होऊन सर्वांत जास्त काळ लोटला ती ओळ (कॅशमध्ये एकत्र ठेवला जाणारा माहितीचा छोटा तुकडा) काढून टाकायची, अशा किंवा याच्या जवळपासच्या नियमाने चालणारी कॅश ज्याची मागणी वेगवान त्याला जास्त जागा देते. त्या जागेचा त्याला उपयोग होतो की नाही, हे ती पाहत नाही. समजा, अंबडच्या एखाद्या कारखान्यात एकाच संगणकावर कॅमेऱ्याने सुट्या भागांची तपासणी करणारा प्रोग्राम आणि दिवसभराच्या नोंदींचा बॅकअप घेणारा प्रोग्राम वेगवेगळ्या कोरवर चालू आहेत. बॅकअपचा प्रोग्राम 64 बाइटची प्रत्येक ओळ एकदाच वाचतो, तरी ती ओळ ताजी ठरते आणि तपासणीला वारंवार लागणारी कोष्टके बाहेर ढकलली जातात. दिंडोरी तालुक्यात वाघाड प्रकल्पावरील पाणीवापर संस्था पाणी मोजून घेतात. येथे मात्र जो दार जास्त वेळा उघडतो त्याचे शेत भिजते, मग त्यात पीक असो वा नसो.

100 टक्क्यांचा आकडा तर काहीच सिद्ध करत नाही. मेमरीतून माहिती येईपर्यंत ताटकळलेला कोरही त्यात कामात असल्याचे धरले जाते. पहिल्या पातळीच्या कॅशमध्ये प्रोसेसरच्या घड्याळाच्या चार-पाच चक्रांत मिळणाऱ्या माहितीसाठी मुख्य मेमरीकडे गेल्यास बहुधा 200 किंवा त्याहून अधिक चक्रे जातात. ऑपरेटिंग सिस्टिम वेळ समान वाटते, झालेले काम नव्हे.

समान भागांनीही हे सुटत नाही. कॅश ज्या समान कप्प्यांत विभागलेली असते त्यांना वे म्हणतात. 16-वे कॅशचे आठ-आठ वे दोन्ही प्रोग्रामना दिले आणि कोष्टकांना बारा लागत असले, तर तपासणी अडखळत राहते आणि बॅकअपचे आठ वे वाया जातात. किम, चंद्रा आणि सॉलिहिन या संशोधकांनी 2004 मध्येच न्याय्यतेचे माप वेगळे सुचवले होते: एकट्याने चालताना लागणाऱ्या वेळेच्या तुलनेत प्रत्येक थ्रेड किती मंदावला, ते पाहावे. कुरेशी आणि पॅट या संशोधकांची 2006 मधील पद्धत वाढीव जागेचा ज्याला जास्त उपयोग त्याला ती देते, पण तिचा रोख एकूण कामगिरीवर आहे. न्याय्यता हे वेगळे उद्दिष्ट आहे, आणि या वादातील दोन्ही बाजूंचे लोक या दोन उद्दिष्टांची सर्रास गल्लत करतात. शिवाय एकाच प्रोग्रामचे थ्रेड तीच माहिती वापरत असतील, तर थ्रेडनिहाय वाटणीलाच फारसा अर्थ उरत नाही.

सॉफ्टवेअरच्या हाती काही नसते, हे तर जुने झाले. इंटेलच्या सर्व्हरसाठीच्या अनेक झिऑन प्रोसेसरमध्ये कॅशचे वे राखून ठेवण्याची सोय आहे, आणि 2017 मधील लिनक्स 4.10 पासून रेसकंट्रोल या यंत्रणेने ती वापरता येते. घरच्या लॅपटॉपवर ती बहुधा नसते. बॅकअपला त्यातले मोजके वे दिले, तर त्याचे नुकसान जवळजवळ होत नाही. मात्र या सोयीने फक्त नवी ओळ कुठे भरायची यावर बंधन येते. बॅकअपचा मेमरीवरील भार तसाच राहतो, आणि त्यावर मर्यादा घालण्यासाठी बँडविड्थचे (मेमरीशी माहितीची ने-आण होण्याच्या वेगाचे) वेगळे नियंत्रण लागते.