खुलासा : पेठ-सुरगाण्याची घरं ‘फुकटावर’ चालत नाहीत

‘पेठ, सुरगाण्याकडचे लोक फुकट रेशन आणि लाडक्या बहिणीच्या पैशांवर बसून खातात, म्हणून द्राक्षबागांना मजूर मिळत नाहीत’ असा मजकूर जिल्ह्यातल्या या डोंगराळ आदिवासी तालुक्यांबद्दल आपल्या नाशिकच्या ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

रेशनचं धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे, हे खरं. पण प्राधान्य कार्डावर ते माणशी महिन्याला ५ किलो. लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये सुरू झाले ते जुलै २०२४ पासून. तेल, मिरची, दवाखाना, पोरांचा एसटीचा खर्च एवढ्यात भागवून दाखवा!

या घरांची कमाई तुकड्यातुकड्यांनी येते. पावसाळ्यात डोंगरउतारावर भात, नागली, वरई, खुरासणी. यातलं बरंचसं घरीच खायला लागतं. भात झोडून झाला की बिऱ्हाड दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे. छाटणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी (घडातले जास्तीचे मणी काढणं) ही कामं टोळीनं एकरावर उक्ती, म्हणजे ठरावीक रकमेवर, घेतात. सकाळी नाशिकजवळच्या गिरणारे गावच्या मजूर बाजारात एकदा उभं राहून बघा, हे हात कुठून आलेत ते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं. अशा गौण वनोपजावरचा (लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वस्तूंवरचा) हक्क २००६ च्या वनहक्क कायद्यानं दिलाय, ती मेहेरबानी नव्हे.

सापुतारा रस्त्यावरच्या स्ट्रॉबेरीचे फोटोही ‘सगळे श्रीमंत झाले’ म्हणून टाकले जातात. ते पीक पाणी असलेल्यांचं. ज्याच्या विहिरीला हिवाळ्यानंतर पाणीच राहत नाही, तो स्ट्रॉबेरी कशी पिकवणार?