‘आम्हाला फोनबंदी, सिस्टरच्या हातात मात्र टॅब’ : रिव्ह्यूला हॉस्पिटलकडून उत्तर

नमस्कार,

आपण दोन स्टार देऊन लिहिलंय की एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, फोन नेऊ दिला नाही, सिस्टर मात्र टॅब घेऊन फिरत होती. स्पिरिटने पुसून स्क्रीनगार्ड खराब केलं. आणि इन्फेक्शनचं नुसतं निमित्त, आतलं बाहेर दिसू नये म्हणून ही बंदी. बाळाच्या तब्येतीबद्दल मी इथे एक अक्षर लिहिणार नाही. बाकीचं मात्र इथेच लिहितो, कारण हेच प्रश्न दारात रोज कुणी ना कुणी विचारतं.

दारात काय होतं बघा. बाबा अंगठी-घड्याळ काढतात, कोपरापर्यंत हात धुतात, गाऊन चढवतात, हँडरब चोळतात. तेवढ्यात पँटच्या खिशात फोन वाजतो. गाऊन वर करून तो काढायचा, ‘आत आहे, नंतर करतो’ म्हणायचं, परत खिशात टाकायचा आणि तोच हात काचपेटीच्या खिडकीतून आत. हात धुतले काय, न धुतले काय! तो फोन सकाळपासून रिक्षाच्या सीटवर, कँटीनच्या टेबलावर, मेडिकलच्या काउंटरवर पडलेला असतो. बाथरूममध्येही जाऊन आलेला असतो.

फोनवरचे बहुतेक जंतू आपल्याच कातडीवरचे, मोठ्या माणसाला काही न करणारे. पण हॉस्पिटलात वावरणाऱ्या फोनवर स्टॅफिलोकोकस ऑरियस, असिनेटोबॅक्टर असले इन्फेक्शन करणारे जंतूही सापडतात. असिनेटोबॅक्टर कोरड्या जागीही आठवडेच्या आठवडे तग धरतो. आपल्या देशात नवजात बाळांच्या रक्तातल्या इन्फेक्शनमध्ये तो आणि क्लेबसिएला हे जंतू नेहमीचेच, आणि पुष्कळदा साधी अँटिबायोटिक्स त्यांना दाद देत नाहीत. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाची कातडी तर इतकी नाजूक की चिकटपट्टी ओढली तरी सोलून निघते.

आता टॅब. तो युनिटचा आहे, युनिटबाहेर जात नाही. त्याला कव्हर घातलेलं नाही, कारण कव्हरच्या कडेला साचलेला मळ पुसून निघत नाही. एका बाळाकडून दुसऱ्याकडे जाताना तो पुसायचा, आणि त्याला हात लावला की बाळाला शिवण्याआधी पुन्हा हँडरब. सिस्टरचा स्वतःचा फोन बाहेरच्या कप्प्यात असतो, माझाही. (या बाबतीत सगळ्यात बेशिस्त कोण, तर आम्ही डॉक्टर मंडळी. पहिला नियम आमच्यासाठीच केला.)

कांगारू केअरच्या खोलीत बाळाला उघड्या छातीशी धरून तासन्‌तास बसायचं असतं, म्हणून तिथे फोन चालतो. पण कव्हर काढून, पुसून, झिपच्या पिशवीत घालून. आपला फोन पुसला तो तिथे जाताना. आम्ही स्पिरिट ओतत नाही, फवारत नाही. 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा वाइप फिरवतो. आयफोनच्या बाहेरच्या कडक भागाला असा वाइप चालतो, हे अ‍ॅपलने 2020 मध्येच जाहीर केलंय. 99 टक्केवालं जास्त भारी असेल असं वाटतं, पण ते पटकन उडून जातं आणि पाण्याशिवाय अल्कोहोल जंतूवर नीट काम करत नाही. कडा सुटलेल्या टेम्पर्ड ग्लासखाली ओल शिरली की बुडबुडे येतात. खालच्या स्क्रीनला त्याने काही होत नाही, आणि त्या काचेचे पैसे आम्ही देणार नाही. पुसायचा नसेल तर फोन कुलपाच्या कप्प्यात ठेवता येतो, दारावर तसं लिहिलंय.

आपण दुसरीकडे पाहिलेल्या, अतिनील (यूव्ही) प्रकाशाने फोनवरचे जंतू मारणाऱ्या पेटीबद्दल: तो प्रकाश थेट पडतो तेवढ्यापुरताच. कव्हरच्या आत, मळाखाली तो पोचत नाही. आधी पुसावंच लागतं, मग पेटीचा खर्च कशाला?

राहिली लपवालपवी. आपल्या बाळाचे फोटो टॅबवरून रोज पाठवतो. शेजारच्या काचपेटीतलं बाळ मात्र आपल्या फॅमिली ग्रुपवर जाता कामा नये, त्याच्याही आईबापाला ते आवडणार नाही. आजींना बाळ बघायचंय असं आपण लिहिलंय. संध्याकाळच्या राउंडनंतर टॅबवरून व्हिडिओ कॉल लावून देऊ. त्यांचा नंबर सिस्टर इनचार्जकडे कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेला ड्यूटी बदलताना राहून जातो.