सुपरनोव्हा बदलले, म्हणून नोबेल परत घ्यायचं?

‘सुपरनोव्हांची चमक काळानुसार बदलते हे सिद्ध झालं. म्हणजे डार्क एनर्जी नाहीच. 2011चं नोबेल परत घ्या.’ अशा आशयाचा मजकूर सध्या फिरतोय. सुपरनोव्हा म्हणजे ताऱ्याचा प्रचंड स्फोट. दूरचे सुपरनोव्हा अपेक्षेपेक्षा मंद, म्हणजे अपेक्षेपेक्षा दूर दिसले, त्यावरून विश्वाचं प्रसरण वेग घेतंय असा निष्कर्ष 1998 मध्ये निघाला; 2011चं नोबेल त्यालाच. हा वेग देणाऱ्या अज्ञात गोष्टीचं नाव डार्क एनर्जी. निमित्त खरं आहे: सेऊलच्या योनसेई विद्यापीठातल्या यंग-वूक ली यांच्या गटाचा नोव्हेंबर 2025 मधला शोधनिबंध. त्यावर चढवलेले मजले मात्र फॉरवर्ड करणाऱ्यांचे.

‘चमक सारखी नसते हे लपवलं.’ कुणी लपवलं? टाइप-1ए सुपरनोव्हांत (अंतर मोजायला वापरतात तो प्रकार) जो जास्त तेजस्वी, तो सावकाश मंदावतो, हे मार्क फिलिप्स यांनी 1993 मध्येच दाखवलं. 1998चे निष्कर्ष ही दुरुस्ती करूनच निघाले. त्यानंतरही जड दीर्घिकांतले सुपरनोव्हा किंचित उजळ भरतात, तेही आता हिशेबात धरतात. ली यांचा मुद्दा त्यापुढचा: तरुण ताऱ्यांतून घडलेला सुपरनोव्हा दुरुस्तीनंतरही थोडा मंद भरतो, आणि जितकं दूर, म्हणजे जितकं भूतकाळात पाहावं, तितके तारे तरुण. शंका रास्त आहे. वाद आहे तो परिणाम किती मोठा, यावर.

‘सगळा मंदपणा वयाचाच.’ तसं असतं तर दूर जावं तसा जादा मंदपणा वाढतच गेला असता. हबल दुर्बिणीनं टिपलेला एसएन 1997एफएफ बघा. ताम्रसृती (प्रसरणामुळे प्रकाश किती ताणला गेला त्याचं माप) सुमारे 1.7, प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचं वय आजच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. 2001 मध्ये ॲडम रीस आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला, तर तो अशा सततच्या मंदपणाच्या अंदाजापेक्षा चक्क उजळ निघाला. त्या काळी गुरुत्वाकर्षण वरचढ होतं आणि प्रसरण मंदावत होतं, असं धरलं की हे जुळतं. एकाच सुपरनोव्हावर भिस्त नको म्हणाल, तर 2004 मध्ये हबलच्या आणखी दूरच्या सुपरनोव्हांनीही तेच सांगितलं.

‘डार्क एनर्जी नाहीच.’ सुपरनोव्हा पूर्ण बाजूला ठेवा. वैश्विक सूक्ष्मलहरी पार्श्वभूमी (महास्फोटानंतरच्या काळातला उरलेला प्रकाश) आणि दीर्घिकांच्या विखुरणीतला ठरावीक अंतराचा ठसा, हे दोन्ही मिळूनही डार्क एनर्जी लागतेच. मुळात ली यांचा निबंधही ती नाकारत नाही. ती काळानुसार क्षीण होतेय आणि प्रसरणाचा वेग आता मंदावू लागलाय, असं तो म्हणतो. शीर्षकापुढे कुणी वाचलेलं दिसत नाही.

वयाचा परिणाम किती, हे पडताळायचं तर जवळच्या आणि दूरच्या, पण सारख्याच तरुण दीर्घिकांतले सुपरनोव्हा शेजारी ठेवून पाहावे लागतील. चिलीतली रुबिन वेधशाळा त्यासाठी हजारोंनी नवे सुपरनोव्हा पुरवेल.