बैठकीतली रोल्स-रॉइस

आमच्या गावात वस्तू निव्वळ पाहायला ठेवली आहे, हे कोणाला पटत नाही. माझ्या बैठकीत काचेच्या कपाटात 1:18 मापाची, म्हणजे खरीच्या अठराव्या हिश्श्याएवढी, रोल्स-रॉइस फँटम टू उभी आहे. खरी गाडी 1929 साली आली. सहा सिलिंडर, 7,668 सीसी. आमच्या गल्लीतल्या झाडून साऱ्या मोटारसायकली एका दाव्याला बांधल्या तरी तेवढं इंजिन व्हायचं नाही. पण पाहुणा हे ऐकतच नाही. त्याचा प्रश्न ठरलेला.

"कितीची व्हय?"

खरी किंमत सांगितली की चहाची बशी तोंडापाशीच थांबते. "इतक्यात तं दोन बकऱ्या आल्या असत्या. दूधबी देल्लं असतं."

मामांना धातूची चौकशी. लोखंड नाही, जस्त. त्यात थोडं ॲल्युमिनियम, तांबं, मॅग्नेशियम, असं मी कौतुकानं सांगितलं. जुन्या मॉडेलांत शिशाची भेसळ राहून गेली तर आतून भेगा पडतात आणि आख्खी गाडी भुगा होते, हेही सांगून बसलो. मामा हळहळले. "म्हंजे हिलेबी बोंडअळी लागतेच म्हना ना!"

कापूस घरात भरला की माझे हाल सुरू. तंतू उडून काचेच्या फटीतून आत शिरतात, चाकांच्या बारीक तारांत गुंततात. बॉनेटवरची पंखवाली बाई चार्ल्स साइक्स नावाच्या शिल्पकारानं 1911 साली घडवली. माझ्याकडची तिची प्रत तुरीच्या दाण्याहून थोडी मोठी, आणि ऐन हंगामात तिच्या दोन्ही पंखांवर सरकी काढलेला कापूस. मी दाढीच्या जुन्या ब्रशनं तो काढत बसतो. बायको दारातून पाहते, काही बोलत नाही. बोलली तर बरं.

पण खरा जीव टांगणीला लागतो तो तान्ह्या पोळ्याला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोट्टे चाकं लावलेले लाकडी नंदी ओढत घरोघर जातात, बाया ओवाळतात आणि हातावर बोजारा, म्हणजे ओवाळणीचे पैसे, ठेवतात. यंदा पुतण्याच्या नंदीचं चाक ऐन वेळी निखळलं आणि त्याची नजर कपाटाकडे गेली.

"ती ओढायची वस्तू नाही," मी ओरडलो. "स्केल मॉडेल आहे ते!"

बाबांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही. "मंग नंदी काय असते? बैलाचं मॉडेलच ना?"

शेवटी तह झाला. दोरी बांधायची नाही, ताटात ठेवून न्यायची.

संध्याकाळी गाडी परत आली ती बॉनेटभर कुंकू लावून. रेडिएटरच्या पट्ट्यांत अक्षता, मागच्या सीटवर झेंडूची पाकळी. पोट्ट्याचा खिसा मात्र जड. बायांनी बोजारा वेगळा दिला होता अन् पेट्रोलचे पैसे वेगळे. निदान पेट्रोलचे तरी मालकाला दे, म्हटलं.

"काहून, काका? गाडी तं ताटात होती!"