गाळ काढा, पण वरची दलदल राहू द्या

आमच्या वाडीच्या वर व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, एक छोटं मातीचं धरण आहे. येत्या उन्हाळ्यात त्यातला गाळ काढायचं चाललंय. सोबत चारही बाजूंनी उभी दगडी कड, फिरायला वाट आणि दिवे. गाळ काढायला माझा विरोध नाही. भिंतीकडचा काढाच, वायंगणाला, म्हणजे उन्हाळी भाताला, पाणी वाढेल. पण व्हाळ तळ्यात उतरतो तिथली दलदल सोडा, ही हात जोडून विनंती.

तिथे पाणी गुडघाभरही नाही. लांबून नुसतं गवत नि चिखल दिसतो. पावसाळ्यात कमळपक्ष्याची मादी तिथेच पाण्यावरच्या पानांवर अंडी घालते, पण ती उबवायची आणि पिल्लं सांभाळायची ती नराने. टिबुकली या छोट्या पाणपक्ष्याचं घरटं तरंगतं असतं. उठून जाताना ती अंड्यांवर ओलं शेवाळ ओढून घेते. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी अर्धा तास जागचा हललो नव्हतो. मार्चनंतर व्हाळ आटला की गवे त्याच उतारावरून पाण्यावर येतात. पाणमांजराची विष्ठा मला तिथल्या दगडावर दोनदा दिसली, माशांच्या खवल्यांनी आणि कुर्ल्यांच्या कवचांनी भरलेली. उभी कड झाली की गवा पाण्यापर्यंत पोचणार कसा? नि घरटी होणार कुठे?

"धरण माणसानंच बांधलेलं, त्यात कसला निसर्ग?" असं परवा एक काका म्हणाले. काका, मालवण तालुक्यातला धामापूरचा तलावही १५३० साली माणसांनीच बांधला. काठावर भगवतीचं देऊळ, भोवती दाट झाडी. २०२० साली त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. शेतीला पाणी आणि पाखरांना आसरा, दोन्ही त्याच तळ्यात आहे.

धरणामुळे नुकसानही झालंय, ते लपवायचं कशाला? पहिल्या पावसात वळगणीचे मासे अंडी घालायला वर चढायचे, ते आता सांडव्याखाली अडकतात आणि टोपल्या भरभरून पकडले जातात. एवढा खर्च होणारच असेल, तर सांडव्याच्या बाजूने दगडांचा हळू चढणारा उतार करा, दिवे नकोत. रात्री पाण्यावर येणाऱ्या जनावरांना दिवे कशाला हवेत?

रविवारी ग्रामसभा आहे. शनिवारी सकाळी साडेसहाला मी दुर्बीण घेऊन वरच्या टोकाला असेन. ज्यांना ही दलदल म्हणजे वाया गेलेली जागा वाटते, त्यांनी तर जरूर यावं.