निपाणीकर, जादा पैसे नेमके कशाचे?

निपाणीकर, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ऑर्डर देऊन करून घेतलेल्या सुरीचा आधी एक भाव सांगायचा, मग मुठीचे, पॉलिशचे, म्यानाचे वेगळे लावत जायचं, ही शुद्ध लूट, आमचा लोहार गाडीच्या कमानपाट्याचा कोयता एकाच भावात देतो, आणि मी असल्या लुटीची जाहिरात करतोय.

कोयत्याचं बरोबर आहे. ऊस तोडायला त्याहून चांगलं मीही काही सुचवणार नाही. पण तिथे पोलाद, लाकूड, आकार सगळं लोहारच ठरवतो आणि एकसारखे नग काढतो. ऑर्डरच्या सुरीत ते तुम्ही ठरवता, आणि कारागिराचे तास त्यातच जातात. मिरर पॉलिशच घ्या, म्हणजे पातं आरशासारखं चकचकीत करणं. 120 नंबरच्या पॉलिश पेपरपासून 220, 400, 800 असं बारीक पेपरकडे चढत जायचं. वर गेल्यावर खालच्या पेपरचा एक ओरखडा दिसला की परत मागे. एवढं करून कापायला त्याचा काडीचा उपयोग नाही, 400 वर थांबलेलं पातंही कांदा तितकाच चिरतं. दमास्कसचं, म्हणजे पोलादाचे थर जोडून केलेल्या नक्षीदार पात्याचंही तेच. थर जोडताना एक जोड सुटला तर तुकडा भंगारात, म्हणून महाग. चांगल्या एकजिनसी पोलादापेक्षा धार जास्त टिकते म्हणून नव्हे. हौस असेल तर जरूर घ्या.

साध्या पोलादाला पाणी देण्याचे, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक करण्याचे पैसे कुणी वेगळे मागितले, तर मात्र तिथून उठा. त्याशिवाय ती सुरीच नाही. स्टेनलेसचे जादा मी समजू शकतो: ते हजार अंशांच्या वर, नेमकं तापमान धरून तापवावं लागतं, कोळशाच्या भट्टीत जमत नाही, बाहेर हीट ट्रीटमेंटला द्यावं लागतं.

आपल्या भागात पैसे घालावेत ते मुठीत. बेळगावच्या खानापूरकडच्या पावसात साधं लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, मग फट पडते आणि पाणी शिरून पोलाद आतून गंजतं. राळ मुरवलेलं लाकूड किंवा मायकार्टा (राळेत भिजवून दाबलेल्या कापडाचा टणक ठोकळा) तसा हलत नाही. (सांबरशिंगाची मूठ कुणी देऊ केली तर नकोच म्हणा. शिंग गळून पडलेलं असलं तरी 1972 च्या वन्यजीव कायद्यात अडकाल.)

राहिलं म्यान. स्वयंपाकघरातल्या सुरीला ते घेऊच नका, तेवढे पैसे वाचले. शेतावर न्यायची असेल तर घ्या, पण पावसाळ्यात सुरी त्यात ठेवून देऊ नका. चामडं ओल धरतं, आणि साध्या पोलादावर गंजाचे ठिपके उठतात.